हौशी हाताची साक्ष : दोन इंग्रज पाद्री आणि एक रिकामी चौकट

१/
दोन वर्षांपूर्वी याच ठिकाणी संभाव्यतेच्या गणितावर एक धागा लिहिला होता. त्याच्या माथ्यावर रेव्हरंड थॉमस बेझ यांचे चित्र लावले होते. काळा झगा, गळ्याशी पांढरी पट्टी, गंभीर मुद्रा. धागा पुष्कळांनी वाचला, चित्रही पुष्कळांनी उचलले. चौथ्या दिवशी एका वाचकाने एवढेच विचारले, “हे चित्र बेझ यांचेच, हे कशावरून?” शोध घेतला तेव्हा कळले की या प्रश्नाला समाधानकारक उत्तरच नाही. मी चित्र काढून टाकले. पण तोवर ते शेकडो भ्रमणध्वनींत जाऊन बसले होते. आजचा धागा म्हणजे त्या वाचकाला उशिरा दिलेले उत्तर आहे, आणि काही अंशी प्रायश्चित्तही.

२/
माझे मत आरंभीच सांगून टाकतो. ऐतिहासिक व्यक्तीचा चेहरा म्हणून आपण जे चित्र पुढे ठेवतो, त्याला कागदपत्राइतकाच कडक कस लावला पाहिजे. मित्राने वा बहिणीने हौसेखातर काढलेले ओबडधोबड चित्र, त्याचा कर्ता ठाऊक असेल तर, कुळशील नसलेल्या देखण्या चित्राहून अधिक मोलाचे असते. आणि तसेही काही हाती नसेल, तर चौकट रिकामी ठेवावी. हे मत पटवण्यासाठी अठराव्या शतकातील दोन विद्वान इंग्रज धर्मोपदेशकांची गोष्ट सांगतो. एकाचा चेहरा हौशी हातामुळे कसाबसा उरला. दुसऱ्याच्या नावावर परका चेहरा चिकटला.

३/
पहिले गिल्बर्ट व्हाइट. जन्म १८ जुलै १७२०, इंग्लंडच्या दक्षिणेतील हॅम्पशर परगण्यातले सेलबोर्न हे खेडे. आजोबा त्याच गावचे व्हिकर, म्हणजे चर्चचे मुख्य धर्मगुरू. त्यांचेही नाव गिल्बर्ट व्हाइटच. नातू ऑक्सफर्डच्या ओरिएल कॉलेजात शिकला, पदवीधर झाला, पुढे कॉलेजचा फेलो झाला, धर्मदीक्षा घेतली. मात्र आजोबांची जागा त्याला कधीच मिळाली नाही. सेलबोर्नच्या व्हिकरची नेमणूक करण्याचा हक्क ऑक्सफर्डच्याच मॉडलिन कॉलेजकडे होता आणि व्हाइट पडले ओरिएलचे. म्हणून जन्मगावी ते केवळ क्युरेट, म्हणजे साहाय्यक धर्मोपदेशक, म्हणून सेवा करीत राहिले.

४/
या दुय्यम पदावरच्या माणसाने आयुष्यभर एकच गोष्ट निष्ठेने केली. तो पाहत राहिला आणि पाहिलेले त्या त्या दिवशी लिहीत राहिला. १७५१ पासून बागेची नोंदवही, १७६८ पासून निसर्गाची रोजनिशी, आणि ती थेट १७९३ च्या जूनपर्यंत, म्हणजे मृत्यूच्या महिन्यापर्यंत. कोणता पक्षी कोणत्या दिवशी परतला, काकडीच्या वाफ्यात खत किती घातले, पाऊस किती पडला, म्हातारे कासव मातीतून कधी बाहेर आले, सारे त्यात आहे. मधमाश्यांना ऐकू येते का, हे पाहण्यासाठी या गृहस्थांनी पोळ्यांपाशी उभे राहून कर्ण्यातून मोठ्याने आवाज दिला होता. माश्या आपल्या कामात दंग राहिल्या.

५/
या पाहण्यातून खरे ज्ञान निपजले. दिसायला जवळजवळ सारखे असणारे तीन पर्ण-वटवटे हे तीन निरनिराळ्या जातींचे पक्षी आहेत, हे व्हाइट यांनी मुख्यतः त्यांच्या आवाजावरून ओळखले आणि १७६८ साली पत्रातून कळवले. गांडुळे नसती तर जमीन घट्ट, थंड आणि नापीक झाली असती, असा विचार त्यांनी १७७७ च्या एका पत्रात मांडला. गांडुळांवरचा चार्ल्स डार्विनचा प्रसिद्ध ग्रंथ त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, १८८१ साली आला. डार्विनने तरुणपणीच व्हाइट यांचे पुस्तक वाचले होते आणि त्यातून त्याला पक्षी पाहण्याची गोडी लागली होती.

६/
ते पुस्तक म्हणजे ‘सेलबोर्नचा निसर्गेतिहास आणि पुरावशेष’. मुखपृष्ठावर साल १७८९. लेखकाचे वय तेव्हा ६८. प्रकाशक त्यांचेच भाऊ बेंजामिन. ग्रंथाचा निसर्गविषयक भाग पत्ररूप आहे. थॉमस पेनंट आणि डेन्स बॅरिंग्टन या दोन विद्वानांना लिहिलेली ती पत्रे. काही तर केवळ पुस्तकासाठी रचलेली, टपालात कधी न पडलेली. तेव्हापासून आजतागायत या पुस्तकाच्या असंख्य आवृत्त्या निघाल्या. आणि प्रत्येक प्रकाशकापुढे तोच पेच आला : लेखकाचे चित्र कोठून आणावे?

७/
कारण गिल्बर्ट व्हाइट यांचे कोणत्याही व्यावसायिक चित्रकाराने समोर बसवून काढलेले चित्र उपलब्ध नाही. जे आहे ते असे. ऑक्सफर्डची पदवी मिळाली तेव्हा, १७४३ साली, प्रत्यक्ष कवी अलेक्झांडर पोप यांनी आपल्या ‘इलियड’च्या भाषांतराचा संच या तरुणाला भेट दिला. त्या पुस्तकांत व्हाइट यांची दोन लहान रेखाटने शाईने काढलेली आहेत. काढणारा होता त्यांचा मित्र, थॉमस चॅपमन. ना कॅनव्हास, ना तैलरंग, ना सोनेरी चौकट. मित्राच्या पुस्तकात मित्राने लेखणीने काढलेली दोन चित्रे, एवढाच काय तो ऐवज.

८/
इथे एक विलक्षण योगायोग पाहा. पुस्तकातील चित्रांसाठी व्हाइट यांनी सॅम्युएल हिएरोनिमस ग्रिम या स्विस चित्रकाराला सेलबोर्नला बोलावले. १७७६ च्या उन्हाळ्यात ग्रिम २८ दिवस तेथे राहिला. त्याने टेकडी रंगवली, चर्च रंगवले, गाव रंगवले. टेकडीवर व्हाइट मंडळींनी हौसेने एक ‘साधूची कुटी’ उभारली होती. तिच्यासमोर साधूचे सोंग घेऊन भाऊ हेन्री उभा राहिला, आणि ग्रिमच्या चित्रातून तो पुस्तकात आला. घरात कुशल चित्रकार चार आठवडे वावरत होता, भावाचे सोंगसुद्धा अमर झाले, आणि यजमानाचा चेहरा मात्र त्या चित्रमालेत उमटला नाही.

९/
योगायोगाचा उत्तरार्ध आणखी बोलका आहे. त्याच १७७६ साली टॉमस गेन्सबरो या थोर चित्रकाराने एका निसर्गअभ्यासकाचे भव्य व्यक्तिचित्र रंगवले. तो निसर्गअभ्यासक थॉमस पेनंट, म्हणजे व्हाइट ज्यांना पत्रे लिहीत तेच. पेनंट वेल्समधले जमीनदार, नामवंत ग्रंथकार. आपल्या ग्रंथांसाठी त्यांनी देशभरातून माहिती गोळा केली आणि सेलबोर्नहून गेलेल्या माहितीचाही त्यांना उपयोग झाला. पत्रे घेणाऱ्याचा चेहरा गेन्सबरोच्या कुंचल्यातून आपल्यापर्यंत आला. पत्रे लिहिणाऱ्याचा, मित्राच्या शाईतून.

१०/
यात कोणाचा दोष काढायचा नाही. व्यक्तिचित्र ही त्या काळी पैशाची आणि प्रतिष्ठेची बाब होती. नामांकित चित्रकारापुढे बसायचे तर त्याचे शुल्क हवे, लंडन किंवा बाथला जाऊन राहण्याची सवड हवी, आणि मुळात आपला चेहरा पुढच्या पिढ्यांनी पाहावा असा आत्मविश्वास हवा. उमराव, बिशप, सेनापती, नटी आणि धनिक यांच्या चेहऱ्यांनी संग्रहालयांच्या भिंती भरल्या आहेत त्या यामुळे. खेड्यातल्या क्युरेटचे चित्र नसणे ही त्या समाजाविषयीची माहितीच आहे. चित्रांचा अभावही काहीतरी सांगत असतो. मात्र तो अभाव आपण टिकू दिला तर.

११/
आता हौशी चित्राविषयी. मराठीत ‘हौशी’ हा शब्द आपण नाटकाला लावतो तेव्हा त्यात थोडी सवलत आणि पुष्कळ प्रेम असते. चित्रालाही तो तसाच लागू पडतो. हौशी चित्रकाराला प्रमाण साधत नाही, हात नीट जमत नाहीत, डोळे एक वर एक खाली जातात. पण त्याला एक स्वातंत्र्य असते. त्याला गिऱ्हाईक खूश ठेवायचे नसते. व्यावसायिक चित्रकार पाद्र्याला पाद्र्यासारखा दाखवतो : हातात ग्रंथ, पाठीमागे पडदा, मुद्रेवर पांडित्य. ते त्या पदाचे चित्र असते. मित्र मात्र समोर बसलेल्या माणसाचे काढतो, जमेल तसे.

१२/
याचे याहून प्रसिद्ध उदाहरण त्याच परगण्यात, सेलबोर्नपासून थोड्याच मैलांवर चॉटन या गावी सापडते. तेथे राहणाऱ्या जेन ऑस्टेन या पाद्र्याच्या मुलीचे एक लहान चित्र तिची बहीण कॅसांड्रा हिने सुमारे १८१० साली पेन्सिल आणि जलरंगांत काढले. आज ते लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. चित्र अपुरे आहे. चेहऱ्यावर थोडे रंग, बाकी पेन्सिलीच्या रेषा. हातांची घडी, ओठ मिटलेले, नजर बाजूला. चेहऱ्यावर किंचित वैताग आहे असेही वाटते. कोणी म्हणेल, हे चित्र जमलेले नाही. जेनच्या एका भाचीलाही ते मुळीच पटले नव्हते.

१३/
मग काय झाले पाहा. १८६९ च्या अखेरीस जेनचा भाचा, स्वतः धर्मोपदेशक असलेला जेम्स एडवर्ड ऑस्टेन-ली, याने आत्याचे चरित्र प्रसिद्ध केले. त्यासाठी कॅसांड्राच्या चित्रावरून जेम्स अँड्र्यूज या चित्रकाराकडून नवे जलरंगचित्र करून घेतले आणि त्यावरून छपाईसाठी कोरीव चित्र बनवले. डोळे मोठे झाले, गाल भरले, वैताग गेला, घडी घातलेले हात दिसेनासे झाले. व्हिक्टोरियन बैठकीत शोभेल अशी एक सौम्य आत्या तयार झाली. २०१७ साली इंग्लंडच्या दहा पौंडांच्या नोटेवर जो चेहरा छापला गेला, तो या सुधारलेल्या चित्रावरून आलेला आहे.

१४/
अँड्र्यूजने जेनला कधी पाहिले नव्हते; ती १८१७ सालीच वारली होती. कॅसांड्राने तिला जन्मभर रोज पाहिले होते. तरीही कोट्यवधी हातांतून फिरला तो न पाहिलेल्याचा चेहरा. भाचीची नापसंतीही मी पुरावाच मानतो. ज्या चित्रावर ओळखीची माणसे वाद घालतात ते चित्र जिवंत स्मृतीच्या अंगणात उभे असते. कितपत साधले, कितपत चुकले, याची चर्चा तरी करता येते. सुधारलेल्या चित्राविषयी ती करता येत नाही, कारण ते माणसाशी जुळवून पाहिलेलेच नसते. ते जुळवलेले असते आपल्या अपेक्षेशी.

१५/
आता दुसऱ्या पाद्र्याकडे, म्हणजे माझ्या चुकीकडे वळू. थॉमस बेझ यांचा जन्म १७०१ च्या सुमारास झाला. वडील जोशुआ बेझ हे प्रस्थापित चर्च ऑफ इंग्लंडच्या बाहेर राहिलेल्या प्रोटेस्टंटांपैकी एक मान्यवर धर्मोपदेशक. अशा पंथांच्या मुलांना ऑक्सफर्ड-केंब्रिजची पदवी मिळू शकत नसे; म्हणून थॉमस एडिनबरोला शिकायला गेले. पुढे टनब्रिज वेल्स या गावी प्रेस्बिटेरियन उपासनागृहात ते धर्मोपदेशक झाले. हयातीत दोन लहान पुस्तके, दोन्ही निनावी : एक ईश्वराच्या करुणेविषयी, १७३१ साली, दुसरे न्यूटनच्या गणिताच्या समर्थनार्थ, १७३६ साली. १७४२ साली रॉयल सोसायटीने त्यांना फेलो निवडले. ७ एप्रिल १७६१ रोजी ते वारले.

१६/
मृत्यूनंतर त्यांच्या कागदांत एक निबंध सापडला. मित्र रिचर्ड प्राइस, तेही धर्मोपदेशक, यांनी तो नीट करून रॉयल सोसायटीकडे पाठवला. २३ डिसेंबर १७६३ रोजी तो सभेपुढे वाचला गेला. घडलेल्या घटनांवरून त्यांच्या कारणाची संभाव्यता कशी मोजावी, हा त्याचा विषय. आज रोगनिदानाच्या चाचणीचा अर्थ लावताना किंवा नको असलेली ईमेल वेगळी काढताना जे गणित वापरतात, त्याचे मूळ या निबंधात आहे. बेंजामिन वेस्टने १७८४ साली प्राइस यांचे व्यक्तिचित्र रंगवले. ते आजही पाहायला मिळते. इथेही तीच कथा झाली. निबंध पुढे नेणाऱ्याचा चेहरा राहिला, लिहिणाऱ्याचा राहिला नाही.

१७/
मग माझ्या धाग्यावरचे ते काळ्या झग्यातले चित्र कोणाचे? त्याचा ज्ञात माग १९३६ साली शिकागोत निघालेल्या, टेरेन्स ओडॉनेल यांनी लिहिलेल्या, आयुर्विम्याच्या इतिहासावरील एका पुस्तकापर्यंत जातो. म्हणजे बेझ यांच्या मृत्यूनंतर तब्बल १७५ वर्षे. चित्र कोठून घेतले, मूळ कोणी काढले, कोणाच्या संग्रही आहे, याचा उल्लेख पुस्तकात नाही. त्या एका छापील पानावरून ते पाठ्यपुस्तकांत गेले, पाठ्यपुस्तकांतून व्याख्यानांच्या पडद्यांवर, आणि तेथून आमच्यासारख्यांच्या धाग्यांवर.

१८/
त्या चित्राखालची ओळ त्याहून गमतीची आहे. बॅरेट यांनी विकसित केलेल्या स्तंभपद्धतीत सुधारणा करणारे रेव्हरंड टी. बेझ, अशा आशयाची ती ओळ. आता जॉर्ज बॅरेट हे विमागणिती जन्मले १७५२ साली. बेझ वारले तेव्हा ते नऊ वर्षांचे होते, आणि त्यांची पद्धत जगापुढे आली एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. मेलेल्या माणसाने नऊ वर्षांच्या मुलाच्या भावी संशोधनात सुधारणा केली, असे हे विधान! ज्याने ओळ लिहिली त्याच्या मनात दुसरेच कोणी होते, की दोन माणसांची सरमिसळ झाली? काहीही असले तरी अशा ओळीच्या भरवशावर त्या चेहऱ्याला बेझ म्हणता येत नाही.

१९/
चित्रातला आतला पुरावाही विरोधातच जातो. इन्स्टिट्यूट ऑफ मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्स या संस्थेच्या वार्तापत्राने १९८८ साली हे चित्र छापून ‘हे गृहस्थ कोण?’ असे वाचकांनाच विचारले. तेव्हा अभ्यासकांनी केसांकडे बोट दाखवले. अठराव्या शतकाच्या मध्यास बेझ यांच्या दर्जाचे धर्मोपदेशक केसांचा टोप घालून चित्राला बसत. वडील जोशुआ बेझ, मित्र रिचर्ड प्राइस, दोघेही आपापल्या चित्रांत टोप घालून आहेत. या चित्रातल्या गृहस्थाचे केस मात्र स्वतःचे दिसतात. बखरीत एखादा शब्द त्या काळात नसलेला आढळला की आपण जसे थबकतो, तसेच इथेही थबकायला हवे होते.

२०/
इथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो मला पूर्वी पटत असे. “चेहरा खोटा असला तर बिघडले काय? गणित तर खरे आहे. चित्र असले की तरुण वाचक थांबतो, दोन ओळी वाचतो. रिकाम्या चौकटीपुढे कोण थांबेल?” या आक्षेपात तथ्य आहे. आपण चेहऱ्यांवर जगणारे प्राणी आहोत; नावापेक्षा चेहरा आधी लक्षात राहतो. माझा जुना धागा ज्यांनी वाचला त्यांतल्या कित्येकांना आज त्यातले गणित आठवत नसेल. ते चित्र आठवत असेल. म्हणूनच तर चिंता वाटते.

२१/
पहिला तोटा असा की खोटा चेहरा एकटा येत नाही. बेझ यांच्या चित्राबरोबर बॅरेटची कहाणी आली, चुकीच्या काळाची वेशभूषा आली. दुसरा तोटा अधिक खोल आहे. खरे बेझ हयातीत फारसे प्रसिद्ध नव्हते. त्यांची पुस्तके निनावी, त्यांचा थोर निबंध मरणोत्तर. चित्र नसणे हे त्या जीवनाशी सुसंगत आहे. तेथे भारदस्त चेहरा बसवला की आपण नकळत समजू लागतो की हा माणूस आपल्या काळातही मोठा मानला जात होता. ‘मोठेपण काळाने नंतर दिले’ ही या कथेतील सर्वांत शिकण्याजोगी गोष्ट, आणि नेमकी तीच आपण पुसून टाकतो.

२२/
महाराष्ट्रातल्या वाचकांना हे नवे वाटू नये. शिवछत्रपतींचे म्हणून एकेकाळी दुसऱ्याच व्यक्तीचे चित्र प्रचारात होते, इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी डच संबंधांतून आलेले समकालीन चित्र पुढे आणले तेव्हा तो घोळ मिटला. वि. का. राजवाड्यांनी अस्सल कागदांसाठी गावोगाव पायपीट केली ती याच आग्रहातून. कागदाच्या बाबतीत आपण त्यांचे नाव घेतो. चित्राच्या बाबतीत मात्र पहिले सापडेल ते चिकटवून मोकळे होतो. पत्राला एक न्याय आणि चेहऱ्याला दुसरा, हे योग्य नाही.

२३/
आता तर संकट घरात शिरले आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेला दोन ओळी सांगितल्या की कोणत्याही ऐतिहासिक व्यक्तीचा ‘खरा चेहरा’ क्षणात तयार होतो; त्वचेची छिद्रे, डोळ्यांतली चमक, सारे त्यात असते. अँड्र्यूजपाशी निदान कॅसांड्राचे चित्र होते. या यंत्रापाशी ‘विद्वान पाद्री असा दिसतो’ या आपल्याच समजुतींची सरासरी असते. तेच आपल्याला परत मिळते आणि आपण म्हणतो, वा, किती हुबेहूब! कोणाशी हुबेहूब? कल्पनाचित्र काढू नये असे माझे म्हणणे नाही. त्याच्याखाली ‘कल्पनाचित्र’ हा शब्द ठळक लिहावा, आणि तो चित्राबरोबर पुढे जाईल असा चित्रावरच लिहावा.

२४/
मी स्वतःसाठी चार प्रश्न ठरवले आहेत. उपयोगी वाटले तर तुम्हीही घ्या.
एक, चित्र कोणी काढले?
दोन, काढणाऱ्याने त्या व्यक्तीला पाहिले होते का?
तीन, चित्र काढल्यापासून आजवर कोणाकोणाच्या हाती होते?
चार, मला मिळालेली प्रत मूळ आहे, की कोणी सुधारलेली?
व्हाइट यांची शाईतली रेखाटने पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर देतात आणि व्हाइट यांच्याच पुस्तकांत असल्यामुळे तिसऱ्यालाही देतात. कॅसांड्राचे चित्र चारही प्रश्नांत उत्तीर्ण होते. बेझ यांचे म्हणून फिरणारे चित्र पहिल्याच प्रश्नाला अडखळते. सौंदर्याचा प्रश्न या यादीत मुद्दाम ठेवलेला नाही.

२५/
यापुढे बेझ यांच्यावर लिहीन तेव्हा त्यांच्या निबंधाचे पहिले छापील पान लावीन. ते अस्सल आहे, त्यावर त्यांचे नाव आहे, आणि तेथे चेहरा का नाही असे विचारणाऱ्याला सांगायला एक चांगली गोष्टही आहे. व्हाइट यांच्यावर लिहीन तेव्हा मित्राचे रेखाटन लावीन आणि खाली लिहीन : ‘मित्र थॉमस चॅपमन याने शाईने काढलेले’. वाचक थांबणार नाहीत अशी भीती मलाही वाटते. पण ज्या वाचकाने तो एका ओळीचा प्रश्न विचारला, तो अशाच ठिकाणी थांबणारा होता. आपण लिहितो ते अशा वाचकांसाठी.

२६/
शेवटी पुन्हा सेलबोर्नला जाऊ. व्हाइट यांच्या जन्माला दोनशे वर्षे झाली तेव्हा, १९२० साली, तेथील चर्चमध्ये त्यांच्या स्मरणार्थ रंगीत काचेची खिडकी बसवण्यात आली. तिच्यात व्हाइट यांचा काल्पनिक चेहरा नाही. पक्ष्यांना उपदेश करणारे संत फ्रान्सिस आहेत आणि भोवती व्हाइट यांच्या पुस्तकातले पक्षी आहेत. बाहेर गवतात त्यांची कबर आहे. लहानसा दगड, त्यावर नावाची दोन आद्याक्षरे आणि २६ जून १७९३ हा दिवस. गावाने आपल्या माणसाविषयी जेवढे ठाऊक होते तेवढेच जपले. आपल्याकडून तेवढे झाले तरी पुरे. तुमच्या संग्रही असे एखादे चित्र असेल, ज्याचे कुळशील तुम्ही कधी तपासले नाही, तर आज तपासून पाहा. आणि काय सापडले ते खाली अवश्य लिहा.